लाकडी बांधकामाचं शिबिर घ्यायचंय? तयारी मागच्या हिवाळ्यातच सुरू करा

दरवर्षी जून-जुलैत दोन-चार फोन ठरलेले असतात. वास्तुकला किंवा सिव्हिल शिकवणारे कुणीतरी तरुण प्राध्यापक विचारतात, "सर, डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन गावात लाकडी बांधकामाचं शिबिर घ्यायचंय. काय काय लागतं?" मी विचारतो, लाकूड घेऊन ठेवलंय का? उत्तर येतं, "ते नोव्हेंबरात घेऊ की." मग मी सांगतो, यंदा बांबूचं शिबिर घ्या, लाकडाचं पुढच्या वर्षी.

हे शहाणपण मी स्वतः माती खाऊन शिकलोय. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा आरामशीनवरून साग आणला तो शिबिराच्या आठच दिवस आधी. मुलांनी झकास पडवी उभी केली. मार्चमध्ये सहज पाहायला गेलो, तर प्रत्येक सांध्यात कुसू (खाचेत बसणारं टोक) आणि खांब यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. दोन वासे पिळवटलेले. मिस्त्री शेजारी उभे होते. म्हणाले, "लाकूड हिरवंच होतं जी सर. तुम्हाले घाई होती, म्हणून मी बोललो नाही."

खालचं सगळं त्यानंतरच्या वर्षांचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा विषय तुम्हाला स्वतःला येत नसेल तर लाजू नका. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरणं बंद केलं आणि २०२० मध्ये पुन्हा खुलं केलं. मधल्या २७ वर्षांत शिकलेल्या आपल्या पिढीने लाकूड पाहिलं ते दाराच्या चौकटीत, नाहीतर सनमायकाखाली. बल्लारशाहचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला, आणि तिथून तीन-चार तासांवर नागपुरात शिकणाऱ्या मुलाला साग आणि येन (ऐन) यांतला फरक ओळखता येत नाही.

१. आधी लाकडाचं वेळापत्रक, मग मुलांचं

कच्चं लाकूड पाणी सोडताना सुमारे २८-३० टक्के ओलाव्यापर्यंत आकसत नाही. त्याखाली गेलं की आकसायला लागतं. तेही सगळीकडे सारखं नाही : वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं केंद्राच्या दिशेने, आणि लांबीत जवळपास नाहीच. फळी वाकते, पिळते ती यामुळे.

जाडीच्या दर इंचाला एक वर्ष वाळवा, असा जुना ठोकताळा आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन इंची साग एका वर्षात कामापुरता वाळतो, हे मी दरवेळी मीटर लावून पाहिलंय. चार इंची खांब मात्र वाळत नाही. त्यावरचा उपाय पुढे आहे.

माझं वेळापत्रक असं :

- मागच्या वर्षीचा डिसेंबर-जानेवारी : लाकूड घेणं, चिरून आणणं, थप्पी लावणं.
- फेब्रुवारी : टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण. मिस्त्री शेण-माती लिंपतात, तेही चालतं. टोकातून पाणी सगळ्यात लवकर जातं आणि तिथूनच तडा सुरू होतो.
- एप्रिल-मे : थप्पी सावलीत आहे ना, एवढंच बघायचं. चंद्रपूरच्या ४५ अंशांत उघड्यावर ठेवलेली फळी वाळत नाही, फाटते.
- पावसाळा : वरून पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळू नका, बुरशी धरते.
- डिसेंबर : शिबिर.

थप्पी जमिनीपासून दीड फूट वर विटांच्या ठोकळ्यांवर लावा. दर दोन फुटांवर एक इंची आडव्या पट्ट्या, आणि वरच्या थरातल्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या बरोबर डोक्यावर. पट्टी इकडेतिकडे सरकली की फळीला कायमचा पोक येतो.

२. लाकूड कुठून आणायचं

आमची पडवी १० बाय १६ फुटांची असते. त्याचा हिशेब : चार बाय चार इंची आठ फुटी खांब सहा, तीन बाय सहा इंची सोळा फुटी पाटया (आडव्या तुळया) दोन, दोन बाय चार इंची बारा फुटी वासे नऊ, आणि कवेलूंसाठी (छताच्या कौलांसाठी) एक बाय दोन इंची रिपा डझनभर. सगळं मिळून १८ घनफूट. मुलं चुकीचं कापणारच, त्यामुळे २४ घनफूट घ्या. गोल ओंडका चिरून घेणार असाल तर निम्म्याच्या आसपासच चौकोनी माल हाती येतो, म्हणजे ओंडके सव्वा घनमीटरच्या पुढे लागतील.

जुन्या घरांचं लाकूड. माझी पहिली पसंती हीच. घरकुल मंजूर झालं की माती-लाकडाचं कवेलू घर पाडलं जातं, आणि मयाल, खांब, पाटया अंगणात पडून राहतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेला साग! चार इंची खांबाचा प्रश्न इथेच सुटतो. पण प्रत्येक नगात मोडके खिळे असतात. आरामशीनवाला पात्याच्या भीतीने असं लाकूड हातात घेत नाही. स्वस्तातला मेटल डिटेक्टर आणा, मुलांना एक दिवस खिळे काढायलाच बसवा, आणि उरलेलं काम हातकरवतीने करा. बाहेरचा पांढरा भाग उधळीने (वाळवीने) खाल्लेला असतो. तो वाकसाने तासून पक्क्या लाकडापर्यंत या आणि मगच माप घ्या.

वनविभागाचं लाकूड आगार. बल्लारशाह, आलापल्लीच्या बाजूचा साग नावाजलेला आहे. लिलाव आता बहुतेक ऑनलाइन होतात, त्यासाठी नोंदणी आणि अनामत रक्कम लागते. लॉट मोठे असतात, आणि एका पडवीपुरता लॉट मिळेलच असं नाही. दोन-तीन कॉलेजांनी मिळून घेतला तर परवडतो. लिलावात भाग घ्यायचा नसला तरी मुलांना आगार नक्की दाखवा. ओंडक्यांवरचे हातोड्याचे ठसे, मापं, लॉटचे आकडे पाहिले की लाकूड कुठल्या जंगलातून आलं याचा माग कागदावर ठेवता येतो, हे त्यांना कळतं. 'शाश्वत' हा शब्द मी त्या ठशापाशी उभा राहून शिकवतो.

परवानाधारक आरामशीन. सगळ्यात सोपा मार्ग, पण बिल पक्कं घ्या. कच्च्या चिठ्ठीवर स्वस्त मिळणारा साग कुठून आला, हे विचारलं तर विक्रेता इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो. असा माल घेऊन शाश्वत बांधकाम शिकवायचं असेल तर शिकवूच नका.

शेतातलं लाकूड. बाभूळ, कडुनिंब चांगले. पण एखादा शेतकरी प्रेमाने म्हणेल, "माह्या बांधावरचा साग घेऊन जा ना सर." साग मालकीच्या जमिनीवर असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. नम्रपणे नाही म्हणा.

बांबू. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिला नाही, त्यामुळे शेतातला बांबू घेणं सोपं झालंय. जंगलातला बांबू हवा असेल तर सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेकडून रीतसर घ्या. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. निस्ताराचा बांबू मात्र शिबिराला वापरू नका. तो गावकऱ्यांच्या घरगुती गरजेसाठी आणि बुरडांच्या पोटासाठी असतो.

३. कागद

- लाकडाचं पक्कं बिल, त्यावर प्रजात, नग आणि घनमाप
- वाहतूक परवाना; जुन्या घराच्या लाकडासाठी ग्रामपंचायतीचा दाखला, आणि त्यावर आणखी काय लागेल ते वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच विचारा
- बांधकामाला ग्रामसभेचा ठराव (सरपंचांचं तोंडी 'हो' चालत नाही)
- जागा कुणाची आहे त्याचा उतारा
- पालकांची संमतीपत्रं, मुलांचा अपघात विमा
- जंगल पाहायला जाणार असाल तर वनविभागाची लेखी परवानगी

वाहतूक परवान्यावर वेळ आणि मार्ग लिहिलेला असतो. आमचा ट्रक एकदा पंक्चर झाला, परवान्याची मुदत रात्री संपली, आणि नाक्यावर पहाटे अडवला. चूक आमची होती. दोन दिवस २२ मुलं लाकडाविना बसली. तेव्हापासून माल शिबिराच्या तारखेला कधीच आणत नाही.

जंगलाची परवानगी हा नुसता उपचार समजू नका. सिंदेवाही-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघाचा वावर गावाच्या वेशीपर्यंत आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला मुलांनी एकटं बाहेर पडायचं नाही, हा नियम पहिल्याच रात्री सांगा. टॉयलेटची सोय मुक्कामाच्या आवारातच हवी.

४. मिस्त्री

शिबिराचा खरा शिक्षक हाच. गावात विचारा, शेवटचं कवेलू घर कुणी बांधलं? तो माणूस बहुतेक साठीच्या पुढचा असतो आणि आता दारं-खिडक्या किंवा तेरवीचे पाट करत असतो. दोन मिस्त्री घ्या. एकटा असला की मुलं त्याला मदतनीस समजतात. दोघं आपसात बोलायला लागले की मुलं गप्प बसून ऐकतात.

कॉलेजच्या लेखा विभागाशी इथे वाजतंच. पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन द्यायला पदवी विचारतात, आणि मिस्त्रीला 'मजुरी'च्या शीर्षाखाली टाकतात. मी प्रस्तावातच 'कौशल्य प्रशिक्षक' असं पद लिहून, दर ठरवून मंजूर करून घेतो. पैसे शेवटच्या दिवशी रोख किंवा थेट खात्यात. तीन महिन्यांनी येणारा चेक गावात कुणाच्या कामाचा नसतो.

५. हत्यारं

पाच-पाच मुलांच्या गटाला : एक हातकरवत, एक रंधा, पाव-अर्धा-एक इंची पटाश्या, लाकडी मोगरी, गुण्या, ओळंबा, मार्किंग गेज, दोन क्लॅम्प. सगळ्यांत मिळून : धार लावायचे दगड (हे हमखास विसरतात), ओलावा मोजायचा मीटर, अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, ड्रिल, पाणपातळी, चष्मे, मास्क, प्रथमोपचार पेटी.

गोल पात्याची विजेची करवत फक्त मिस्त्री चालवतील. यात तडजोड नाही. ओढण्या, मफलर, हातातले दोरे काढून ठेवायचे. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त हात कापते, कारण मुलं जोर लावतात.

६. पहिले तीन दिवस बांधायचं नाही

मुलं आल्याआल्या करवत मागतात. देऊ नका.

पहिला दिवस, रंधा. प्रत्येक गटाला साग, येन आणि बाभळीचा दीड फुटी तुकडा. रंधा एका बाजूने सरसर जातो, उलट फिरवला की लाकूड उचकटतं. रेषा कुठे चालल्यात ते हाताला कळतं. सागाचा चामड्यासारखा तेलकट वास, येनचं वजन, हे कुठल्या फलकावर शिकवता येत नाही. मिस्त्री येनविषयी म्हणतात, "खांबाले बरा, दाराले नाही," आणि का, ते संध्याकाळपर्यंत कळतं : येन वाळताना तडकतो आणि पिळतो.

दुसरा दिवस, पाणी. थप्पीतल्या फळीच्या मधून (टोकाजवळून नाही) छोटा तुकडा कापा. लगेच वजन करा. मागच्या वर्षी एक तुकडा १८६ ग्रॅम भरला. १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन उतरायचं थांबेपर्यंत, साधारण दिवसभर ठेवल्यावर १५० ग्रॅम. फरक ३६, भागिले १५०, म्हणजे २४ टक्के. ही फळी बाजूला. दरवर्षी एक मुलगी किंवा मुलगा विचारतोच, भागाकार कोरड्या वजनाने का? ओल्या वजनाने भागलं तर तीच फळी रोज वेगळ्या पायावर मोजली जाईल. त्यामुळेच ताज्या कापलेल्या लाकडाचा ओलावा शंभर टक्क्यांच्या वरही निघू शकतो. हे ऐकून सिव्हिलची मुलंही चमकतात. आम्ही १२ टक्क्यांच्या आसपासची फळीच सांध्याला घेतो.

तिसरा दिवस, भार. माझा आवडता. दोन बाय चार इंची सागाचा वासा दोन विटांच्या थरांवर, मधलं अंतर दोन मीटर. मधोमध ५० किलोची सिमेंटची पिशवी टांगायची. आधी प्रत्येकाने कागदावर आकडा लिहायचा : उभा ठेवला (चार इंची बाजू उभी) तर किती वाकेल, आडवा ठेवला तर किती? लवचिकतेचा गुणांक १०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरला तर उभा साधारण २ मिलिमीटर, आडवा ८. तेच लाकूड, तोच भार, चौपट फरक. वास्तुकलेच्या मुलांनी हे सूत्र परीक्षेत लिहिलेलं असतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहतात.

मग मी मुद्दाम मधोमध गाठ असलेला वासा देतो. गणिताचा आकडा तोच, प्रत्यक्षात वासा जास्त वाकतो, आणि सिव्हिलची मुलं पट्टी तपासायला लागतात. लाकूड म्हणजे स्टील नव्हे, हे इथे कळतं. आता आयएस ८८३ (लाकडी बांधकामाचं भारतीय मानक) उघडा. त्यातले लाकडाचे तीन गट, प्रतवारी, गाठींच्या मर्यादा, रेषांच्या दिशेने आणि आडव्या दिशेने वेगवेगळे परवानगीचे ताण, या सगळ्याला आता अर्थ असतो. बांबूसाठी आयएस १५९१२ आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या सहाव्या भागातलं लाकूड-बांबूचं प्रकरण. आधी संहिता आणि मग लाकूड, असा क्रम मी दोन वर्षं करून पाहिला. मुलं झोपतात.

एक पिशवी शेवटपर्यंत टांगून ठेवा आणि रोज सकाळी वाक मोजा. भार वाढवला नाही तरी आकडा हळूहळू वाढतो.

रात्री चुलीपाशी आणखी एक. तीन इंची सागाचा ठोकळा वीस मिनिटं विस्तवात ठेवा, विझवा, मधोमध कापा. बाहेर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कोळसा, आत लाकूड जसंच्या तसं. जाड लाकूड मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या ठरावीक गतीने जळत जातं, आणि जळालेला थर आतल्या भागाला काही काळ राखतो. नॉर्वेतल्या ८५ मीटर उंच लाकडी इमारतीचा फोटो मुलं मोबाइलवर दाखवतातच. ती चिकटवून केलेल्या सूचिपर्णी लाकडाच्या जाड तुळयांवर उभी आहे, तेव्हा आगीचा प्रश्न तिथेही असाच जाडीने सोडवलाय. तसंच सागाचं करावं, असं कुणी म्हणालं तर त्याला सागाचे दोन तुकडे चिकटवायला द्या. सागाच्या तेलामुळे नुकता रंधलेला पृष्ठभाग नसेल तर डिंक नीट धरत नाही.

७. बांधणी

छोटं बांधा. अंगणवाडीपुढची पडवी, बसथांब्याचा मांडव, ग्रामपंचायतीची वाचनाची ओसरी. मंगळुरी कवेलूंचं छत चौरस मीटरला साधारण ६५ किलो धरा आणि वाऱ्याने उचलण्याचाही विचार करा.

तपशील थोडक्यात. खांब जमिनीत गाडायचा नाही, दगडी किंवा काँक्रीटच्या उंच बैठकीवर लोखंडी बुटात बसवायचा, आणि बुटाला पाणी निघायला भोक. छत खांबाच्या बाहेर अडीच फूट. बोल्ट फळीच्या टोकापासून बोल्टच्या जाडीच्या सातपट आत, नाहीतर रेषेत फाटतं. बांबू वापरलात तर तीन वर्षांपुढचाच, आणि बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या पाच टक्क्यांच्या द्रावणात भिजवलेला. हे द्रावण पावसात धुऊन जातं, म्हणून असा बांबू छताखालीच राहू द्या.

गट करताना वास्तुकलेची दोन, सिव्हिलची दोन आणि गावातला एक तरुण. वास्तुकलेची मुलं पटाशी शिरणारच नाही असा सांधा काढतात, सिव्हिलची मुलं सगळीकडे नट-बोल्ट ठोकतात. त्यांना भांडू द्या.

कार्बनचा हिशेबही करून घ्या. १८ घनफूट म्हणजे सुमारे ०.५ घनमीटर साग, कोरडं वजन ३०० किलोच्या आत, त्यात निम्मा कार्बन. म्हणजे हवेतून घेतलेला सुमारे ५४० किलो कार्बन डायऑक्साइड त्या पडवीत बांधलेला आहे. लगेच पुढचा प्रश्न विचारा : त्या झाडाच्या जागी झाड लागलं का? जुनं लाकूड असेल तर हा आकडा आजच्या पडवीच्या नावावर मांडायचा की साठ वर्षांपूर्वीच्या घराच्या? यावर एक अख्खी संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

शिबिरात एक सुट्टी काढून सेवाग्रामला जा. माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंनी उभी राहिलेली बापूंची कुटी तिथे पाहता येते. मुलांना छताचा उतार आणि ओसरी किती खोल आहे ते मोजायला लावा. बांबूत जास्त रस असेल तर चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

८. निघण्याआधी

पडवी कुणाच्या ताब्यात दिली ते ठरावाच्या वहीत लिहून घ्या. एका जाड पुठ्ठ्यावर वर्षाची कामं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा : मृगाआधी कवेलू सारखे करणं, बुटांतली माती काढणं, खांबाच्या बुडाशी उधळीची मातीची नळी दिसली की मोडून आत कुठून येते ते पाहणं, बोल्ट आवळणं. पान्हा अंगणवाडीताईंकडे ठेवा, सरपंचांकडे नको. सरपंच बदलतात.

आणि ५० कवेलू जास्तीचे मागे रचून ठेवा. वानरं पहिल्याच आठवड्यात दहा-बारा फोडतात.